हळे की हळू

परशराम आप्पांनी मला पहिल्याच दिवशी 'हाफक्लच' असं नाव ठेवलं. त्याला आता नऊ वर्षं झाली, आणि माझं खरं नाव त्यांना ठाऊक आहे की नाही याची मला अजून शंका आहे. फोन केला की पलीकडून आवाज यायचा, "बोल गं, हाफक्लच!" बेळगावच्या भाजी मार्केटात भेटले तर चार लोकांत ओळख करून देणार, "ही आमची हाफक्लच. सरकारी दवाखान्यात रगात तपासती. पोरगी हुशार हाय, पर क्लचवरचा पाय काय सोडत न्हाय." मी लाजून अर्धी व्हायची. भाजीवाली मात्र माझ्या पायाकडं बघायची.

आप्पांचं ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे एक पांढरी जुनी गाडी, तिच्या पुढंमागं लाल अक्षरातल्या 'एल'च्या पाट्या, आणि स्वतः आप्पा. उंच, सडपातळ, गळ्याला रुमाल, खिशात वेलदोडे. कुणाला खेकसायचं असलं की आधी एक वेलदोडा तोंडात टाकायचे. आम्ही शिकणारी माणसं रस्त्यापेक्षा त्यांच्या खिशाकडं जास्त बघायचो. गाडीचे त्यांचे नियम असे होते, "गाडीत खायचं न्हाय, फोनवर बोलायचं न्हाय. रडायचं मातूर चालतंय. लई जण रडल्यात."

प्रत्येकाची चूक हेच त्याचं नाव. आरशात न बघणारा एक वकील होता, त्याला 'म्होरंम्होरं' म्हणायचे. एक डॉक्टर होते, सारखा हॉर्न वाजवायचे, ते 'हॉर्नसाहेब'. या हॉर्नसाहेबांची तर मज्जाच झाली. चार दिवस आप्पांनी ऐकून घेतलं, पाचव्या दिवशी हॉर्नची वायरच काढून ठेवली. म्हणाले, "आता काच खाली करा आणि तोंडानं सांगा." भर बाजारात तो एवढा शिकलेला माणूस खिडकीतून मान बाहेर काढून, "ओ मावशी, जरा सरका वो! ओ काका, तुमची म्हस!" असं ओरडत आठ दिवस फिरला. पुढं ते डॉक्टर गावात सगळ्यात शांत गाडी चालवणारे म्हणून प्रसिद्ध झाले. लोकांनाही त्यांचा आवाज आवडला असणार, कारण दवाखान्यात गर्दी वाढली असं तेच सांगतात.

आणि एक सांगायचं म्हणजे आप्पांचा उजवा पाय. शिकवायच्या गाडीत डाव्या बाजूलाही एक जादा क्लच आणि एक जादा ब्रेक बसवलेला असतो. आपण चुकलो की शेजारी बसलेला मास्तर तिथून गाडी थांबवतो. पंचवीस-तीस वर्षं आप्पांचा पाय त्या ब्रेकवर. मग तो पाय घरातही तसाच वागायचा. खुर्चीत बसून टीव्ही बघताना पडद्यावर गाडी जोरात आली की आप्पांचा पाय फरशीवर दाबला जायचा. जेवताना पोळी वाढणारा हात जोरात आला तरी पाय दाबला जायचा. त्यांच्या बायको गंगाक्का कपाळाला हात लावायच्या. "अवो, घरात बी ब्रेक!"

गंगाक्का संकेश्वरच्या, माहेर कानडी. आप्पांच्या घरी येऊन त्यांचं मराठी चांगलं पक्कं झालेलं, पण वाक्याच्या शेवटी 'री' यायचाच, आणि आनंद झाला, राग आला, की गाडी सरळ कन्नडवर. सगळ्या शिकाऊ लोकांना चहा त्यांच्या हातचा. आप्पा खेकसले की त्या कपात जादा साखर घालायच्या. मला पहिला महिनाभर भलताच गोड चहा मिळाला.

आता आप्पांची परीक्षा. "लायसन सरकार देतंय. गाडी आली का न्हाय ते मी सांगणार," असं ते म्हणायचे. परीक्षा म्हणजे बेळगाव ते निपाणी, जुन्या हायवेनं. तसा जुना हायवे आता सलग राहिलाय कुठं? नवीन रुंद रस्त्यानं त्याचा बराचसा भाग गिळला. राहिलेत ते तुकडे. कुठं गावातून जाणारा बाजारपेठेचा रस्ता, कुठं चिंचेच्या झाडांखालचं एक वळण, कुठं नव्या रस्त्याच्या बगलेला चिकटलेली अरुंद पट्टी. हे तुकडे पकडत पकडत जायचं. नवीन रस्त्यावर गेलात तरी पुढचा तुकडा चुकवायचा नाही.

आणि वर एक अट. मोबाईल डब्यात बंद, आणि प्रत्येक गावात गाडी थांबवून रस्ता विचारायचा. ठाऊक असला तरी विचारायचा! मी एकदा वैतागून म्हटलं, "आप्पा, रस्ता सरळच तर आहे की."

वेलदोडा तोंडात गेला. "रस्ता सरळ हाय गं. पर इचारायला गाडी हळू करावी लागती. काच खाली घ्यावी लागती. म्होरच्या माणसाच्या तोंडाकडं बघावं लागतंय. एवढं आलं की गाडी आली."

तोंडाकडं बघून काय, तर या माणसाला कन्नडमधून विचारायचं की मराठीतून हे ठरवायचं. चुकलात तरी चालेल, पण ठरवायचं तुम्हीच. माझ्या परीक्षेच्या दिवशी हत्तरगीत एक पटकेवाले आजोबा दिसले. मी वंटमुरीपासून तोंडात घोळवत आणलेलं वाक्य धाडकन टाकलं, "निप्पाणी रोड यावदु री?" आजोबांनी मला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "सरळ जावा बाई. तुमचं कन्नड लई ग्वाड हाय. पर मी कागलचा, पावना आलोय हितं." आप्पा एवढे हसले, एवढे हसले, की वेलदोडा गिळला.

त्या दिवशी मी गाडी निपाणीत माझ्या आईच्या दारात उभी केली. माझ्या आईनं सगळं आयुष्य तंबाखूच्या वखारीत काढलं. आमच्या घरात चाक म्हणजे भावाची सायकल, आणि तीही तो शिकायला जाताना घेऊन गेला. आई बाहेर आली, मला ड्रायव्हरच्या जागेवर बघून तिला बोलायलाच सुचेना. मग आप्पांना म्हणाली, "जयभीम." आप्पा खाली उतरून म्हणाले, "जयभीम, आक्का. तुमची लेक पास झाली." आणि मला म्हणाले, "काढ पाटी." पास झालेल्यानं 'एल'ची पाटी स्वतःच्या हातानं काढायची, परत निघताना आप्पा ती पुढच्या माणसासाठी लावून घ्यायचे. मी पाटी काढली आणि रडले. नियमात बसत होतं ते.

आप्पांची एक गोष्ट त्यांच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ होती. ती अशी. "चौपदरीचं काम नुकतंच झालतं बघ. एक बाई हुती शिकायला. हुशार हुती, पर बुजरी. संकेश्वरच्या अलीकडं आलो, जुना रस्ता गावात जातोय तिथं. गाडी मस्त चाललीया, आणि बाईनं काय केलं असंल? घाबरून अशी स्टेरिंग फिरवली, अशी फिरवली, की मला घिऊन थेट उसात! कारखान्याच्या टोळीनं गाडी भायेर काढली. दोन तास उसाची पानं काढत हुतो कानातनं. म्हणून सांगतोय, स्टेरिंगवर भ्यायचं न्हाय." ही गोष्ट मी दहा वेळा तरी ऐकली असेल. आम्ही दरवेळी हसायचो. गंगाक्का तेव्हा कप गोळा करून आत जायच्या. मला वाटायचं, ऐकून ऐकून कंटाळल्या असतील.

दोन वर्षांपूर्वी आप्पांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. समोरचं दिसतं, कडेचं अंधारत जातं. डॉक्टरांनी गाडी बंद केली, शिकवणंही बंद. आप्पांनी गाडीवर ताडपत्री घातली आणि खुर्चीत बसले. मुलगा पुण्याला, मुलगी बेंगळूरूला, दोघंही हायवेच्या दोन टोकांना. दोघांनी फोनवर एकच सांगितलं, गाडी विकून टाका. मी भेटायला गेले तर आप्पा म्हणाले, "बस गं," एवढंच. हाफक्लच म्हणाले नाहीत. टीव्हीवर गाड्या धावत होत्या आणि त्यांचा पाय तेवढा फरशीवर दाबला जात होता.

गंगाक्का मला दारापर्यंत सोडायला आल्या. त्यांचे डोळे मात्र चमकत होते. म्हणाल्या, "भजनाला जातीय मी सध्या. रोज दुपारी." मी म्हटलं, बरं झालं, तेवढाच विरंगुळा.

कसलं भजन अन् कसलं काय! पलीकडच्या गल्लीत आप्पांच्याच एका विद्यार्थिनीनं ड्रायव्हिंग स्कूल काढलं होतं. तिथं ही अठ्ठावन्न वर्षांची बाई रोज दुपारी गाडी शिकत होती. एके सकाळी आप्पांनी डोळ्यांत घालायचं औषध काढायला डबी उघडली, तर आत बाटलीच्या शेजारी लायसन! त्यांनी ते नाकाला लावून वाचलं. नाव वाचलं, फोटो बघितला, परत नाव वाचलं. दोन दिवस बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी मला फोन. "हाफक्लच!" मी तर आनंदानं उडालेच. "ऐक. हिनं कागूद आणलाय. कागदानं काय हुतंय? जुन्या रस्त्यानं निपाणी गाठली तर गाडी आली म्हणीन. न्हाय गाठली तर ताडपत्री परत, गाडी इकायची, आणि ह्या घरात गाडीचा इषय परत काढायचा न्हाय. साक्षीला मागं तू बसायचीस. रविवारी सकाळी सातला."

मागून गंगाक्कांचा आवाज आला, "आठला री! नाष्टा करून जाऊया."

रविवारी मी पोचले तेव्हा ताडपत्री निघाली होती, गाडी पुसून लख्ख होती आणि लाल पाट्या लावलेल्या. गंगाक्का स्वयंपाकघरात डबा भरत होत्या. मी हळूच विचारलं, "आक्का, एवढा हट्ट कशाला?" त्या म्हणाल्या, "मला कुठं जायाचं हाय म्हणून न्हवं गं. त्यास्नी त्या खुर्चीत बघवत न्हाय मला." डब्याचं झाकण त्यांनी एवढ्या जोरात दाबलं की ओट्यावरचे कप वाजले.

निघालो! आप्पा डाव्या सीटवर, पाय जादा ब्रेकवर, वेलदोडा तोंडात. गंगाक्का उजवीकडं, पदर खोचून. मी मागं, दोघांच्या मध्ये मान घालून. काकती येईपर्यंत मी श्वास घेतला असं मला आठवत नाही. पण गाडी काय चालवत होत्या हो त्या! धक्का नाही, घाई नाही. आणि एक नवीनच चाललं होतं. गंगाक्का सारख्या बोलत होत्या. "डावीकडनं ट्रॅक्टर. उजवीकडं दोन पोरी सायकलवर. डावीकडं बकरी."

"मला दिसतंय," आप्पा गुरगुरले.

"तुम्हास्नी न्हाय सांगालीय री. मला सांगालीय."

आप्पांना कडेचं दिसत नव्हतं, आणि गंगाक्का त्यांना सगळी कड वाचून दाखवत होत्या. मला कळलं ते होनग्याच्या पुढं. आप्पांना त्याआधीच कळलं असावं, कारण ते परत काही बोलले नाहीत.

वंटमुरीच्या चढाला मी मनात म्हटलं, आता बघू. पुढं उसाची ट्रॉली, मागं बस. गंगाक्कांनी गिअर कधी बदलला हेसुद्धा कळलं नाही. आप्पांची मान तिरकी झाली. ते इंजिनचा आवाज ऐकत होते. मी टाळ्याच वाजवल्या. आप्पा म्हणाले, "साक्षीदारानं गप बसायचं." पण मिशीच्या खाली काहीतरी हललं होतं.

हत्तरगीत रस्ता विचारायची वेळ आली. कोपऱ्यावर एक कॉलेजची मुलगी स्कूटर लावून उभी होती. गंगाक्कांनी काच खाली केली, तिच्याकडं बघितलं, आणि कन्नडमधून विचारलं. ती मुलगी मराठीत म्हणाली, "मोबाईलात बघा की, अज्जी!"

आप्पा खदखदून हसले. कितीतरी महिन्यांनी तो आवाज ऐकला. "अज्जी म्हणाली तुला!"

"मग? हाय की अज्जी. अज्जी गाडी चालवालीय." आणि काच वर.

पुढं दोन्ही बाजूंना ऊस. तोडणी सुरू होती, रस्त्यावर चिपाडं पडलेली, हवेत गुळचट वास. आम्ही तिघंही रंगात आलो होतो. डब्यातले धपाटे कुठं सोडायचे यावर वाद चालला होता. मी म्हणत होते संकेश्वरात, आप्पा म्हणत होते निपाणी गाठल्याशिवाय नाही. आणि तेवढ्यात तो फाटा आला. नवीन रस्ता सरळ पुढं, आणि जुना डावीकडं खाली उतरून संकेश्वर गावात. गंगाक्कांचं माहेर. लहानपणापासून पायाखालची वाट. आनंदानं त्यांच्या तोंडून कन्नड बाहेर पडलं,

"हळे?"

हळे म्हणजे जुना. जुना रस्ता घ्यायचा ना, एवढंच त्यांना विचारायचं होतं. पण आप्पांचा पाय खाली गेला. ब्रेक! कचकन. मी पुढच्या सीटवर आपटले. मागच्या ट्रकनं जो हॉर्न मारला तो अजून कानात आहे. पण गंगाक्कांनी स्टेरिंग सरळ धरलं, क्लच दाबला, आणि गाडी गडगडत कडेच्या मातीत नेऊन उभी केली. ट्रक शिव्या देत निघून गेला. पुढचं चाक उसापासून हातभर लांब होतं.

मग आप्पा म्हणाले, "हळू म्हणालीस न्हवं? मला वाटलं म्होरं काय तरी हाय."

"हळे म्हणाले मी," गंगाक्का म्हणाल्या. "त्या दिवशी बी हळेच म्हणाले हुते."

मला क्षणभर काही उमगलं नाही. मग मी बाहेर बघितलं. फाटा, संकेश्वर, ऊस. दहा वेळा ऐकलेली ती गोष्ट सगळी माझ्यासमोर उभी राहिली. ती बुजरी बाई, स्टेरिंग फिरवणारी. ती बाई कप गोळा करून आत जायची.

आप्पांनी दार उघडलं, उतरले, चाचपडत उसाच्या कडेला जाऊन उभे राहिले. इकडं गंगाक्का स्टेरिंगवर हात ठेवून शांत बसलेल्या. म्हणाल्या, "वळवत हुते गं मी त्या दिवशी. बराबर वळवत हुते. मधीच ब्रेक दाबला त्यांनी."

"तुम्हाला माहीत होतं? इतकी वर्षं?"

"ब्रेकवर माझा पायच न्हवता. मला कळंल की."

"मग बोलला का नाही?"

"त्यांचा सगळा मान त्या ब्रेकवर, बघ. मास्तरनंच गाडी उसात घातली म्हटलं तर कोण बसंल त्यांच्याजवळ? माझं काय, मी घरातच हुते."

मला आप्पांचा असा राग आला, असा राग आला, की खाली उतरून चांगलं सुनवावं वाटलं. आम्ही हसलो होतो त्या गोष्टीवर! गंगाक्का दाराआड असताना हसलो होतो. मला माझाही राग आला.

आप्पा परत आले. दाराला धरून वाकले आणि आधी माझ्याकडं बघून म्हणाले, "हाफक्लच, ती उसातली गोष्ट किती येळा सांगिटली मी तुला?"

"दहा तरी."

"सगळी खोटी. मला त्याच दिवशी रातच्याला आंथरुणात कळलं, ही हळे म्हणाली असंल. पर तवर मी शेजारच्याला गोष्ट सांगून बसलो हुतो. मग दुसऱ्याला सांगिटली. मग ती खरीच वाटाय लागली मला." मग बायकोकडं वळले. "तू परत शिकीव म्हणालीस, तवा बी मी न्हाय म्हटलं. तू चुकतीस म्हणून न्हवं. माझा पाय चुकतोय, हे तुला कळंल म्हणून."

गंगाक्का म्हणाल्या, "कळलंतंच की."

आप्पांनी वेलदोडा काढला आणि तसाच परत खिशात ठेवला. शेवटी म्हणाले, "सगळ्यास्नी मी नावं ठिवली. माझं नाव काय मग?"

"ब्रेकआप्पा," गंगाक्का म्हणाल्या. "पोरांच्या लहानपणापास्नं म्हणतोय आम्ही. तुमच्या पाठीमागं."

आप्पा हसले की रडले ते मला नीट सांगता येत नाही, दोन्हीचे आवाज मिसळून आले. रुमालानं तोंड पुसून ते गाडीत बसले. "चल. हळे रस्ता घे. परीक्षा संपल्याली न्हाय."

संकेश्वरात काय झालं ते विचारूच नका! बाजाराच्या तोंडाला रस्ता विचारायला थांबलो, तर विचारायच्या आधीच पिठाच्या गिरणीतून एक बाई ओरडत बाहेर आली, "गंगव्वा गाडी होडीताळ! गंगव्वा गाडी होडीताळ!" गंगव्वा गाडी चालवतीय! मग काय, गिरणीतली चार, बांगड्यांच्या दुकानातली दोन, गंगाक्कांची एक मावसबहीण, सगळ्या गाडीभोवती. कुणी खिडकीतून हात घालून त्यांच्यावरून उतरवून बोटं मोडली, कुणी बॉनेटला कुंकू लावलं. एक म्हातारी डाव्या खिडकीत येऊन आप्पांना कन्नडमध्ये बोलली, "जावई, चांगली शिकवली की हो आमच्या पोरीला."

मी मागं बसून बघत होते, हा माणूस आता काय म्हणतोय.

आप्पा सावकाश म्हणाले, "मी न्हाय शिकिवली, अत्ते. तिची ती शिकली."

गंगाक्का समोर बघत होत्या. त्यांनी पदर परत एकदा खोचला, आणि रस्ता विचारायचा राहिला होता म्हणून तो विचारला. सात बायकांनी सात दिशांना हात केले.

कणगल्यापुढं तवंदीचा घाट. उतार, वळणं, भरलेले ट्रक. मी मागून आप्पांच्या पायाकडंच बघत होते. तो पाय ब्रेकवर नव्हता. ब्रेकच्या वर होता, बोटभर अंतरावर, हवेत. पहिलं वळण, पाय हवेत. एक बस अंगावर आल्यागत आली, पाय थरथरला, पण खाली गेला नाही. गंगाक्का वाचत होत्या, "उजवीकडनं बस. डावीकडं कठडा. म्होरं मोकळं." आप्पांच्या कपाळावर घाम. मला वाटलं, गाडी एक जण चालवतोय आणि परीक्षा दुसऱ्याचीच चाललीय. घाट संपला तेव्हा आप्पांनी मांडी चोळली. पायाला गोळा आला होता.

"दुखतंय?" गंगाक्कांनी विचारलं.

"गप गाडी चालीव," आप्पा म्हणाले, पण फार मायेनं म्हणाले.

निपाणीत माझ्या आईच्या दारात गाडी उभी राहिली. अगदी मी उभी केली होती तिथंच. आई बाहेर आली, गंगाक्कांना स्टेरिंगवर बघितलं, आणि या वेळी तिला शब्द सापडले. "अगं बया!" म्हणाली, आणि गंगाक्कांचे दोन्ही हात धरले. आप्पा उतरले. "जयभीम, आक्का. ही पास झाली." मग बायकोकडं बघून म्हणाले, "काढ पाटी."

गंगाक्कांनी पुढची पाटी काढली, मागची काढली. आप्पांनी हात पुढं केला, पाट्या ठेवून घ्यायला, नेहमीसारखा. मग त्यांच्याच ध्यानात आलं की आता लावायच्या कुणासाठी. त्यांनी त्या आईच्या दाराशी भिंतीला टेकवून ठेवल्या. अजून तिथंच आहेत. आई त्यांच्यावर मिरच्या वाळवते.

धपाटे, चहा, परत चहा. मी आईकडंच राहणार होते. मला वाटलं, ही दोघं आता बेळगावला परततील. गंगाक्का गाडीत बसल्या, आप्पा बसले. आप्पांनी काच खाली केली, आणि बायकोच्या तोंडाकडं नीट बघून, अगदी परीक्षेतल्यासारखं विचारलं, "अक्का री, रस्ता कुठला घ्यायचा?"

गंगाक्का म्हणाल्या, "म्होरं. लेकाकडं. पुण्याला."

"आज?"

"मुक्काम करत करत. सौंदलगा, कोगनोळी, कागल. कोल्हापुरात माझी भाची हाय. घाई कुणाला हाय?"

आप्पांनी वेलदोडा काढला. या वेळी एक त्यांना दिला, एक स्वतः घेतला. "हळे का हळू?"

"दोनी," गंगाक्का म्हणाल्या आणि गाडी सुरू केली.

मी दारात उभी राहून हात हलवत होते, ओरडत होते, काय ओरडत होते देव जाणे. गाडी निपाणीच्या जुन्या रस्त्याला लागताना माझ्या समोरून वळली आणि डावी खिडकी अगदी जवळून गेली. आत बघितलं तर आप्पांच्या चपला खाली पडलेल्या. दोन्ही पाय वर घेऊन, सीटवर ऐसपैस मांडी घालून, जेवायला बसावं तसे ते बसले होते. खाली ब्रेक मोकळाच होता.